दार बंद करणे, दोनदा

खारदेवळी, ता. पेण
२९ जुलै २०२५

नमू बाय,

हे पत्र शेजारच्या वैशालीच्या डब्याच्या पिशवीतून येतंय. कागदाला लोणच्याचा डाग लागला तर नाक मुरडू नको. ती रोज गाडीने रोह्याच्या दवाखान्यात कामाला जाते, तुझ्या हापिसावरूनच. फोन केला असता, पण मला ऐकू येत नाय नि तुला हापिसात ओरडायची लाज वाटते. मागल्या टायमाला मी विचारलं एक, तू सांगितलंस एक, नि मी "बरं बरं" म्हणून फोन ठेवून दिला.

तर ऐक. बांध समितीने उघाडीसाठी नवं खेळणं आणलंय. टॅब! चौदा वर्षं मी खाडीच्या बांधातलं हे उघाडीचं लोखंडी दार चाक फिरवून खाली-वर करतोय. भरती आली की बंद, खारं पाणी शेतात नको. ओहोटी लागली की उघड, पावसाचं पाणी खाडीत जाऊ दे. एवढं काम. आता ते टॅबात बघून करायचं. प्रत्येक पानाखाली 'झाले' असं बटण हाय. ते दाबल्याशिवाय मी दार बंद केलं हे कुणी मानत नाय. पाणी मानतं, पण पाण्याला विचारतो कोण!

त्या टॅबात डावीकडे कामांची यादी हाय. वर 'रोजची कामे' हा धडा, खाली 'उधाणाची तयारी' हा धडा, म्हणजे अमावास्या-पुनवेच्या मोठ्या पाण्याचा. 'दार बंद करणे' हे दोन्हीकडे लिहिलंय. बरं, असू दे. पण मी खालचं, उधाणातलं दाबलं, की पान उघडतं बरोबर नि यादी मात्र टुणकन उडी मारून वरच्या धड्यात जाऊन बसते. मग मी 'पुढे' दाबतो. उधाणात दार बंद केल्यावर पुढे काय करतात? दारामागच्या खाचांत फळ्यांच्या दोन रांगा टाकतात नि मध्ये चिखल भरतात. हे तुझ्या जनीमामीच्या शेळीलाही माहीत हाय. टॅब काय म्हणतो? 'दार उघडणे'. कारण वरच्या धड्यात बंद केल्यावर उघडणंच येतं. भर उधाणात दार उघडायला सांगतोय गो मेला!

हे ज्याने लिहिलं त्याने जन्मात चिखल बघितलेला नाय. पुण्याचा असणार. तू असल्याच हापिसात बसतेस, टॅबात काय कुठं बघायचं ते लिहितेस, म्हणून तुला सांगतो. हा शहाणा शोध नि माझ्याकडे पाठव. त्याला गुडघाभर चिखलात उभा करून मी अनुक्रमणिका शिकवतो.

मस्करी बाजूला. पिठोरी अमावास्येच्या उधाणाला, २३ ऑगस्टला, सरकारी खात्याचे साहेब येणार हायेत. त्यांच्यापुढे सगळं टॅबात बघून, क्रमाने, एकही पान न चुकवता करून दाखवायचं. नाय जमलं तर उघाडी ठेकेदाराच्या माणसाकडे जाणार. रामवाडीचा प्रदीप म्हणून हाय एक तिशीतला. दोन्ही अंगठ्यांनी टॅब चालवतो. दाराचं चाक मात्र दोन्ही हातांनी हलत नाय त्याला.

आपल्या गावात नारळीपुनवेचा पहिला नारळ उघाडीवाल्याच्या हातचा जातो, सरपंचाच्या नाय. तो मान गेला तर मी कुठं तोंड लपवू, सांग.

तुझा
हिरामणमामा


रोहा
२ ऑगस्ट

मामा,

तुम्हाला नि मामीला नमस्कार. डाग पोचला, त्याच्याभोवती पत्रही होतं.

तुम्ही उगाच तापलात. यात चूक अशी कुणाचीच नाही. एकच पान दोन धड्यांत दाखवणं ही सोय असते. ज्याला जिथे हवं तिथे सापडावं. पान एक, यादीत नोंदी दोन. मोठमोठ्या कंपन्यांच्या मदत-पानांत असंच असतं, तिथे कुणी लिहिणाऱ्याला चिखलात उभं करत नाही.

यादी उडी मारते म्हणता, ते बहुतेक तुमच्या ओल्या बोटांमुळे. बोट कोरडं करा आणि हलक्या हाताने एकदाच दाबा. ती काच आहे मामा, दाराचं चाक नाही.

लिहिणारा पुण्याचा की कुठला, हे मला कसं ठाऊक असणार? आमच्याकडे वीस कामं चालू असतात. संबंधितांना कळवते. पण ज्याने लिहिलं त्याने मेहनत घेऊनच लिहिलं असेल, एवढं मी म्हणेन. भाषा चांगली आहे म्हणे.

गणपतीला दोन दिवस येते. मामीला सांगा, मोदक तिच्या हातचे.

नम्रता


खारदेवळी
६ ऑगस्ट

नमू,

बोट टॉवेलला पुसलं. जनीच्या पदराला पुसलं. चुलीपुढे धरून शेकलंसुद्धा. नऊ वेळा दाबलं, नऊ वेळा उडी. मग प्रदीपला दाबायला दिलं. त्याचं बोट तर जन्मापासून कोरडं. दहावी उडी!

काल तो उघाडीवर हात बसवायला आला होता. भरती चढत होती. उधाणाच्या धड्यातून दार बंद केलं, 'पुढे' दाबलं, 'दार उघडणे' आलं, नि भल्या माणसाने खरोखर चाकाला हात घातला. मी मनगट धरलं त्याचं. तो म्हणतो, "काका, यादीत हाय." म्हटलं, मग यादीलाच सांग ते पाणी प्यायला.

तू म्हणतेस भाषा चांगली हाय. व्हय, हाय. 'चिखलात पेंढा कालवावा, नुसता चिखल धुपून जातो' असं एक वाक्य हाय त्यात. वाचून बरं वाटलं. लिहिणाऱ्याला कुणी जाणता माणूस भेटलेला दिसतो.

परवा नारळीपूनव. नारळ मीच सोडणार, पुढल्या वर्षीचं माहीत नाय. सतरा दिवस उरलेत. तुझ्या संबंधितांना जरा झटकन कळव. की त्यांचीही बोटं ओली हायेत?

मामा


रोहा
१२ ऑगस्ट

मामा,

काम फत्ते!

संबंधित म्हणजे आमचे सुजय सर. त्यांच्या कानावर घातलं. यादीत दुबार नोंदी किती ते मोजणारं एक यंत्र आमच्याकडे आहे, ते त्यांनी लगेच चालवलं. एकशे बारा निघाल्या. सरांचा चेहरा असा पडला की मला वाटलं घरचंच कुणी गेलं. मग सगळे कामाला लागले आणि दुपारपर्यंत एकशे बाराच्या एकशे बारा काढून टाकल्या. आता शून्य. ते शून्य भिंतीएवढं मोठं करून पडद्यावर लावलं, त्याच्यापुढे फोटो काढले, केक कापला. केकवरही शून्यच होतं. ग्राहकाला तसं पत्रही गेलं.

आता 'दार बंद करणे' तुम्हाला एकाच जागी दिसेल. उडीचा प्रश्नच मिटला. टॅब बांधावर रेंज येते तिथे नेऊन एकदा बंद करून चालू करा, आणि साहेबांपुढे छाती काढून उभे राहा. नारळ पुढल्या वर्षीही तुमचाच.

ओल्या बोटांचं लिहिलं होतं ते मनावर घेऊ नका.

नम्रता


खारदेवळी
१६ ऑगस्ट, गोकुळाष्टमी

नम्रता,

केक गोड होता का?

उडी बंद झाली, खरं हाय. उडी मारायला जागाच उरली नाय. दोनातलं एक काढायचं म्हणून तुझ्या सुजयने खालचं काढलं. आता 'उधाणाची तयारी' मध्ये आधी भोंगा वाजवायचा, मग बांधावरून माणसं-गुरं हटवायची, मग थेट फळ्या टाकून चिखल भरायचा. दार बंद करायचं कुठंच नाय! ते 'रोजची कामे' मध्ये सुखात बसलंय.

काल झेंडावंदन झाल्यावर समितीने प्रदीपकडून रंगीत तालीम करून घेतली. मी बाजाराला पेणला गेलेलो. त्याने भोंगा वाजवला. बांधालगत शेत असलेल्या रघूला नि त्याच्या म्हशीला बांधावरून हटवलं. नि उघड्या दारामागे फळ्या टाकल्या. 'झाले' दाबलं. टॅबने हिरवी खूण दिली, समितीने टाळ्या दिल्या. चिखल भरायच्या आत भरतीने फळ्या उचलल्या नि रघूच्या शेतात नेऊन ठेवल्या, सोबत गुडघाभर खारं पाणी. मी बाजारातून परतताना बघितलं नि धावत येऊन दार खाली पाडलं, म्हणून त्याचं अर्धंच शेत गेलं. ते भात आता पिवळं पडेल, नि पुढली दोन-तीन वर्षं तिथं दाणा होणार नाय. रघू बांधावर बसून राहिला म्हशीपाशी.

नि हे भांगाचं पाणी होतं गो, अष्टमीचं, सगळ्यात लहान. अमावास्येला असं झालं तर एकशे चाळीस एकर जाईल.

मी ठरवलंय. साहेब असोत नायतर साहेबांचे साहेब, मी दार बंद करणार. टॅबात त्या धड्यात ते पान नाय, म्हणजे साहेब लिहिणार 'क्रम मोडला', नि उघाडी जाणार. जाऊ दे. पण मला राग आलाय, नमू. प्रदीपचा नाय. तो सांगितलेलं करतो. मला त्या शून्याचा राग आलाय. रघूच्या शेतात उभं राहून तो केक कापायचा होता.

हिरामण


रोहा
१९ ऑगस्ट

मामा,

तो पुण्याचा शहाणा मीच आहे.

मागल्या दिवाळीत मी वही घेऊन तुमच्याजवळ बसले होते, आठवतं? तुम्हाला वाटलं भाची कौतुकाने विचारतेय. मला हे काम आधीच मिळालं होतं. तुम्ही सांगत गेलात, मी उतरवत गेले, आणि तुमचं नाव कुठेही न घालता माझं म्हणून दिलं. तुमचं पहिलं पत्र वाचलं तेव्हा कान तापले. कबूल करायची लाज वाटली म्हणून तुमच्या बोटांवर ढकललं. रघूदादाचं वाचल्यावर मात्र लपवून ठेवणं जमेना.

खरा उपाय साधा आहे, आणि तो मला तेव्हाही ठाऊक होता. पान एकच ठेवायचं, म्हणजे काही बदललं तर एकाच जागी बदलावं लागतं. नोंदी मात्र दोन्ही ठेवायच्या, आणि प्रत्येक नोंदीला आपापला पत्ता द्यायचा. मग तुम्ही कुठल्या धड्यातून आलात ते पानाला कळतं. यादी तिथेच राहते आणि 'पुढे' म्हटलं की त्याच धड्यातलं पुढचं येतं. दोन दिवसांचं काम होतं. मी आळस केला. कोण बघतंय, असं वाटलं.

सरांना सांगितलं तर म्हणाले, "ग्राहकाला शून्य कळवलंय, आता त्याचं एक कसं करणार?" मी म्हटलं शेत बुडेल. तर म्हणाले, "शेत आपल्या कामाच्या कक्षेत येत नाही."

म्हणून मी न विचारताच केलंय. उधाणाच्या धड्यात 'दार बंद करणे' परत लावलं, त्याच्या स्वतःच्या पत्त्यासकट. कळलं तर घरी बसेन. २२ तारखेला दुपारी टॅब बांधावर न्या आणि बंद करून चालू करा. विसरू नका, मामा, पाया पडते.

माफी मागायलाही जीभ उचलत नाही, म्हणून लिहून मागते. चुकले.

नमू


खारदेवळी
२६ ऑगस्ट

नमू बाय,

झालं एकदाचं. अमावास्येला साहेब आले, छत्री धरायला एक माणूस, छत्रीखाली साहेब, साहेबाखाली पाटाएवढी खुर्ची. मी भोंगा वाजवला, माणसं हटवली, दार बंद केलं, 'पुढे' दाबलं. यादी जागची हलली नाय. फळ्या आल्या! मी नि रघूने चिखल भरला. साडेबाराला पाणी दाराच्या माथ्याला टेकलं नि आत थेंब नाय. जनीने बांधावरच मला ओवाळायचं तेवढं बाकी ठेवलं. साहेबांनी पाठ थोपटली, मग हात रुमालाला पुसला.

नि काल समितीकडे कागद आला. मी तसाच उतरवतो, तुला भाषेची आवड हाय म्हणून. 'टॅबमधील माहिती परिपूर्ण असून ती वाचून कोणतीही व्यक्ती सदर काम करू शकते, हे प्रात्यक्षिकात सिद्ध झाले आहे. सबब स्वतंत्र जाणकार उघाडीवाल्याची आवश्यकता उरलेली नाही. एकच माहिती दोन ठिकाणी ठेवण्याचे प्रयोजन दिसत नाही.' एक सप्टेंबरपासून प्रदीप.

कळलं ना? टॅब नि मी, दोन नोंदी. दोनातली एक काढली. खालचीच काढायची पद्धत दिसते.

आता एक सांगतो. तो शहाणा तूच, हे मला पहिल्या पत्राआधीच ठाऊक होतं. पेंढ्याचं वाक्य माझ्या बापाचं हाय. दिवाळीत मी ते तुला सांगितलं नि तू चकली खात लिहून घेतलंस. पुण्याचा म्हटलं ते तुला डिवचायला. वाटलं, चिडून तरी कबूल होशील. तीन आठवडे नि रघूचं अर्धं शेत लागलं.

वाईट लिहिलं असतंस तर मी राहिलो असतो गो. चांगलं लिहिलंस, म्हणून गेलो. रडू आलं मला काल, लपवत नाय. चौदा वर्षं भरती-ओहोटी बघून जेवलो, आता घड्याळ बघून जेवायचं.

गणपतीला ये. राग तुझ्यावर हाय, मोदकांवर नाय.

मामा


रोहा
८ सप्टेंबर

मामा,

गणपतीत तुम्ही माझ्याशी चार वाक्यं बोललात. त्यातली तीन "अजून एक घे" अशी होती. चौथं ऐकू आलं नाही, तुम्ही पाठ फिरवून म्हणालात.

इथे यंत्राने मला पकडलं. सरांच्या पडद्यावर शून्याच्या जागी एक. मला आत बोलावलं, दार लावलं, आणि ती नोंद ताबडतोब काढायला सांगितली. मी म्हटलं, काढते, फक्त 'मी काढायला सांगितली' असं लिहून सही द्या, सोबत रघूदादाच्या शेताचा फोटो जोडते. सरांनी पेन उघडलं, बंद केलं, पाणी प्यायले आणि म्हणाले, "राहू दे तूर्त." त्यामुळे नोकरी आहे. केक मात्र पुन्हा कधी आला नाही.

मग मला धीर आला. मी आणखी एक पान लिहिलं, आणि ते उधाणाच्या धड्यातच दोन जागी लावलं. मुद्दाम. आता यंत्र दोन दाखवतं. सरांनी तिकडे बघणं सोडलंय.

कसलं पान ते मी सांगणार नाही. पुढल्या उधाणाला टॅब सांगेल.

तुमची नमू


खारदेवळी
२२ सप्टेंबर

नमू,

शनिवारी सकाळी प्रदीप दारात उभा. हातात टॅब, तोंड सुतकी. मी म्हटलं, बाबा, मला ऐकू येत नाय, परत जा. तर त्याने टॅबच माझ्या नाकापुढे धरला.

उधाणाच्या धड्यात फळ्या-चिखलाच्या पुढे एक नवं पान. 'बांधाच्या टोकाच्या घरी हिरामण यांना बोलावणे. त्यांनी दार, फळ्या व चिखल हाताने तपासावा. समाधान झाल्यावर त्यांनी स्वतःच्या बोटाने "झाले" दाबावे.'

म्हटलं, टाळ ते नि पुढं जा. तो म्हणतो, "टाळता येत नाय काका, पुढचं पानच उघडत नाय. साहेबांना फोन केला. साहेब म्हणाले, एकही पान चुकवायचं नाय हा नियम हाय." नियम कुणाचा? साहेबांचाच! मी इतका हसलो की जनी चुलीपासून उठून बघायला आली.

मी लगेच नाय गेलो. चहा केला, त्यालाही दिला. मान हा सावकाश घ्यायचा असतो. मग उघाडीवर गेलो. दार बरं पाडलं होतं त्याने. फळ्या ठोकून बघितल्या, एक सैल होती. चिखलात कोपरापर्यंत हात घातला. पेंढा नाय! 'वाचलंस ना?' म्हटलं. म्हणतो, "वाचलं, पण वाटलं ते उगाच सजवायला लिहिलंय." त्याला रघूच्या घरी पेंढा आणायला पिटाळलं. रघूने स्वतः भारा आणून टाकला, तुझं नाव काढलं नाय, पण मला बिडी दिली. काल सर्वपित्रीचं उधाण आलं नि गेलं. शेतं कोरडी.

समितीवाले म्हणतात, मग आता उघाडीवाला कोण, तो की तू? नारळ कुणाचा? मी म्हटलं, पुनवेला अजून वर्ष हाय, टॅबात बघा काय लिहिलंय. नमू, ते मात्र तू लिहू नको. ते मी बघतो.

नि गणपतीत पाठ फिरवून बोललो ते चौथं वाक्य. 'लवकर परत ये' म्हटलं होतं. तोंडावर बोलायचं नव्हतं एवढंच.

हां, एक राहिलं. चिखल तपासून झाल्यावर प्रदीपने खिशातून रुमाल काढला, बोट पुसायला. मी घेतला नाय. तसंच ओलं, चिखलाचं बोट काचेवर टेकवलं. एकदाच दाबलं.

पहिल्याच दाबाला लागलं गो.

मामा